इंजिन टेबलावर की गाडीत?

त्या मुलाने दिवाळी अंक टीपॉयवर ठेवला आणि अमेरिकन गाड्यांवरच्या माझ्या लेखाचं पान उघडलं. एका वाक्याखाली त्याने निळ्या पेनाने रेघ मारली होती: ‘१९७० साली ३६० अश्वशक्तीचं असलेलं कॅमारो झेड-२८चं इंजिन १९७२ साली २५५वर आलं; सरकारी नियमांनी दोन वर्षांत एकशेपाच घोडे मारले.’ वाक्य माझंच होतं आणि लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

मुलगा हैदराबादेतल्या आमच्याच काचीगुड्याच्या गल्लीतला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आईने माझा लेख त्याला कौतुकाने वाचायला दिला होता. कॉलेजच्या सेमिनारला त्याने विषय घेतला तो प्रदूषणाचे नियम आणि इंजिनाची ताकद, आणि माझं हे वाक्य तसंच्या तसं पडद्यावर लावलं. परीक्षकांनी विचारलं, “हे आकडे ग्रॉस आहेत की नेट?” त्याला उत्तर देता आलं नाही. पुढचे सगळे मुद्दे त्याच आकड्यावर उभे होते, त्यामुळे तेही कोसळले.

“काकू, मीच विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर खरंच असणार असं वाटलं.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो चहा पिऊन गेला, अंक मात्र तिथेच राहिला.

हा लेख मी का लिहिला ते आधी सांगते. वडील आरटीसीच्या, म्हणजे सरकारी बससेवेच्या, वर्कशॉपमध्ये होते. निजामाच्या काळात, १९३२ साली, रेल्वेखात्याच्या अखत्यारीत सत्तावीस बसगाड्यांवर सुरू झालेली ती सेवा. त्या जुन्या अल्बियन बसगाड्यांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकल्या होत्या आणि आम्ही त्या जेवताना त्यांच्याकडून ऐकल्या. रविवारी ते मला अ‍ॅबिड्‌सला जुन्या पुस्तकांच्या बाजारात नेत. बंद दुकानांसमोरच्या फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागतात, अजूनही लागतात. तिथे अमेरिकन गाड्यांची मासिकं किलोच्या भावात मिळायची. आमच्या रस्त्यावर अँबॅसडर धावत होती, तिचं इंजिन १४८९ सीसीचं. मासिकातल्या पाँटिअ‍ॅक जीटीओचं होतं ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ६४०० सीसीचं. चार अँबॅसडरांपेक्षा जास्त एकाच बॉनेटखाली. वडील ते पान उजेडाकडे धरून बघत राहायचे.

ती गाडी जन्माला आली ती एका पळवाटेतून. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या गाडीत मोठं इंजिन बसवलं आणि त्याला नवं मॉडेल न म्हणता ‘ऑप्शन’ म्हटलं. नियम मॉडेलला लागू होता, ऑप्शनला नाही. १९६४ साली पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. खपल्या ३२,४५०. पुढच्या सात-आठ वर्षांत डेट्रॉइटमधल्या प्रत्येक कंपनीने असलं काहीतरी काढलं: मध्यम अंगाची गाडी, प्रचंड इंजिन आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला हप्त्यावर परवडेल अशी किंमत. त्यांनाच पुढे मसल कार म्हणू लागले. मराठीत यावर कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मी लिहिलं. माहिती मासिकांतून, दोन पुस्तकांतून आणि इतरांच्या लेखांतून गोळा केली.

मुलगा गेल्यावर त्या रात्री मी आकडे पुन्हा काढले. ३६० बरोबर होते, २५५ही बरोबर होते. दोन्ही छापील, दोन्ही कंपनीचेच. मग चूक कुठे झाली तेच कळेना. ग्रॉस आणि नेट हे शब्द मी वाचले होते. पगाराच्या स्लिपवर असतात तसेच असतील, असं धरून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला घेऊन राणीगंजला गेले. तिथल्या एका आतल्या गल्लीत वडिलांच्या ओळखीचे उस्ताद आहेत. आता सत्तरीच्या पुढे गेलेत, गॅरेज मुलगा चालवतो, पण इंजिन उघडायचं असलं की स्टूल ओढून तेच बसतात. मी त्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “आपा, ये तीन सौ साठ नापे कहाँ? इंजन टेबल पो था की गाडी में?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी आम्हा दोघांना आत नेलं. लोखंडी घोडीवर अँबॅसडरचं इंजिन चढवलेलं होतं. त्याला पंखा नव्हता, डायनमो नव्हता, एअर फिल्टरचा डबाही नव्हता. एक्झॉस्टच्या जागी हातभर लांबीची उघडी नळी होती. उस्तादांनी त्या मुलाला पुली हाताने फिरवायला लावली. मग पंखा आणि डायनमो बसवून पट्टा चढवला आणि म्हणाले, “अब घुमाओ.” फरक त्याच्या मनगटाला कळला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “काकू, जड झालं.”

“हौ,” उस्ताद म्हणाले. “पंखे कू खिलाव, डायनमो कू खिलाव, सायलेन्सर में से दम घुट के निकलो. फिर जो बचा वो पहिये कू मिलता. टेबल पो नापे तो अलग, गाडी में नापे तो अलग.”

एवढंच होतं ते. अमेरिकन कंपन्या १९७१पर्यंत जो आकडा जाहिरातीत छापत, तो ग्रॉस: इंजिन चाचणीच्या बाकावर, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, पंखा-अल्टरनेटरचा भार नाही, ठिणगीची वेळ सगळ्यात अनुकूल लावलेली. १९७२च्या मॉडेलपासून छापू लागले नेट, म्हणजे गाडीत बसतं तसं, सगळ्या लवाजम्यासकट. मी एका फूटपट्टीचा आकडा घेतला, दुसऱ्या फूटपट्टीचा आकडा त्याच्याशेजारी ठेवला आणि मधल्या फरकाला इतिहास म्हटलं.

खरा हिशोब मागाहून लागला, कारण १९७१ साली झेड-२८ बनवणाऱ्या जनरल मोटर्सने एकाच इंजिनाचे दोन्ही आकडे दिले होते. झेड-२८चं १९७१चं इंजिन ग्रॉसने ३३०, नेटने २७५. मधले पंचावन्न घोडे कुणी मारले नाहीत. फक्त मोजण्याची पद्धत बदलली. १९७२चा नेट २५५. म्हणजे एका फूटपट्टीने मोजलं तर त्या वर्षातली घट वीस. त्याआधीची ३६०वरून ३३०वर झालेली घट मात्र खरी होती: कमी शिशाच्या, हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर गाड्या चालाव्यात म्हणून कंपनीने कॉम्प्रेशन ११वरून ९वर आणलं होतं. ताकद खरोखर उतरली होती, पण मी लिहिल्याच्या निम्म्यानेच. क्रायस्लरच्या प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिनाचीही तीच गोष्ट. वर्षानुवर्षं ते ४२५ अश्वशक्तीचं म्हणून गाजलं. १९७१चा त्याचा नेट आकडा ३५०.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ‘नेट’ हा शब्द माझ्या टिपणवहीत होता. २५५च्या पुढे मी स्वतःच्या हाताने कंसात लिहून ठेवला होता. लेख लिहिताना तो गाळला, कारण वाक्य अडखळत होतं. माझ्या लेखाला एक पडझड हवी होती, धाडकन झालेली, आणि आकडे ती देत होते. माहिती कमी पडली, असं मी म्हणू शकत नाही. माहिती होती. मी ती वाक्याच्या चालीसाठी टाकून दिली.

त्यानंतर लेख ओळीओळीने तपासायला बसले. फोर्ड मस्टँग ही मसल कारच्या ढंगाची पहिली छोटी गाडी, असं मी ठामपणे लिहिलं होतं. मस्टँग १७ एप्रिल १९६४ला आली. प्लिमथ बॅराकुडा १ एप्रिललाच आली होती. खप आणि गाजावाजा मस्टँगचा, पण पहिली ती नव्हे. ही चूक लवकर सुटली.

पुढची सुटायला वेळ लागला. ‘पाँटिअ‍ॅक जीटीओने फेरारी जीटीओला हरवलं’ असं मी लिहिलं होतं आणि त्याला माझ्याकडे आधार होता: कार अँड ड्रायव्हर मासिकाचा मार्च १९६४चा अंक, अ‍ॅबिड्‌सच्या फुटपाथवर वडिलांनी घेतलेला, कव्हर फाटलेलं. त्या काळचा, त्याच महिन्याचा छापील पुरावा हातात असल्यावर शंका घ्यायला जागाच कुठे होती? पण तोच लेख नीट वाचला तर कळतं की मासिकाला दोन्ही गाड्या एका जागी कधी आणताच आल्या नाहीत. पाँटिअ‍ॅकची चाचणी त्यांनी स्वतंत्र केली आणि फेरारीशी तुलना कागदावर केली. शिवाय ज्या गाडीने ते थक्क करणारे आकडे दिले तिच्यात ३८९ घन इंचांचं इंजिन नव्हतंच, गुपचूप ४२१चं बसवलेलं होतं. पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी ही गोष्ट कित्येक वर्षांनी स्वतःच सांगितली. मासिकाने छापलं होतं ते त्यांच्यापुढे आणून उभ्या केलेल्या गाडीचं. ग्राहकाला मिळणारी गाडी ती नव्हती. जीटीओच्या अंगावरच्या बिल्ल्यावरदेखील ‘६.५ लिटर’ कोरलेलं असायचं; ३८९ घन इंचांचे लिटर केले तर ६.४ही पुरते भरत नाहीत. धातूत कोरलंय म्हणून ते खरं ठरत नाही, एवढं मला त्या बिल्ल्याने शिकवलं. आता गुणाकार मी कागदावर करून बघते.

आणि मग निजाम. अमेरिकन गाड्यांच्या लेखात निजाम कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण मी हैदराबादची. गाड्यांचा विषय निघाला की निजामाच्या चौमहल्ला राजवाड्याला वळसा घातल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लेखाची सुरुवातच मी तिथून केली होती. लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून निजाम उस्मान अली खान यांनी सहा रोल्स-रॉइस विकत घेतल्या आणि हैदराबादचा कचरा उचलायला लावल्या, ही ती गोष्ट. लहानपणापासून ऐकलेली. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना चारमिनारच्या वाटेवर हमखास सांगायची. लोक खूश व्हायचे. आपल्या माणसाने साहेबाला धडा शिकवला, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि ते मलाही व्हायचं.

हीच गोष्ट अलवरच्या जयसिंहांच्या नावावर आहे, पतियाळाच्या भूपिंदरसिंगांच्या नावावर आहे, भरतपूरच्या नावावरही आहे. शोरूम तेच, अपमान तोच, झाडू तेच. राजा तेवढा गावोगाव बदलतो. सोबत एक फोटोही फिरतो, चाकांपुढे झाडू बांधलेल्या गाडीचा. रोल्स-रॉइसचं रेडिएटर देवळाच्या दर्शनी खांबांसारखं उभं आणि चौकोनी असतं. त्या फोटोतल्या गाडीचं तसं नाही. गाड्यांवर लिहिणाऱ्या बाईला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं. मी फोटो कितीदा पाहिला होता, रेडिएटर एकदाही पाहिलं नव्हतं.

दुःख याचं की खरी गोष्ट माझ्या घरापासून अर्ध्या तासावर काचेच्या पेटीत उभी आहे. चौमहल्ल्यातली ती पिवळी सिल्व्हर घोस्ट, बार्कर कंपनीने बांधलेली, मागचं आसन सिंहासनासारखं उंच. ती गाडी उस्मान अली खान यांनी मागवली, असंही मी लिहिलं होतं. ती मागवली होती त्यांच्या वडिलांनी, सहावे निजाम महबूब अली खान यांनी. ते २९ ऑगस्ट १९११ला वारले; गाडी आली तेव्हा तिच्यात बसायला ते नव्हते. ती मिरवली मुलाच्या कारकिर्दीत. मी गेल्या महिन्यात पुन्हा जाऊन त्या पेटीसमोर बराच वेळ उभी राहिले. बापाने हौसेने मागवलेली गाडी, आणि तिच्या मागच्या उंच आसनावर बसला मुलगा. वडिलांबरोबर मी याच पेटीसमोर उभी राहिले होते, तेव्हा त्यांनी गाडीच्या खाली वाकून अ‍ॅक्सल बघितला होता. ही गोष्ट सोडून मी कचऱ्याची गोष्ट सांगत फिरले.

दुरुस्ती छापायची म्हटलं तर दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो. संपादकांना मी सविस्तर पत्र लिहिलं. पुढच्या अंकात जागा देतो म्हणाले. पण तोपर्यंत तो अंक ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी एकशेपाच घोडे मेलेलेच राहणार. वाचनालयात तर अंक बांधून ठेवतात. वीस वर्षांनी कुणी काढला तर माझीच चूक त्याच्या हाती लागेल, आणि दुरुस्ती दुसऱ्याच बांधणीत पडलेली असेल. म्हणून मी एक चिठ्ठी तयार केली. झेड-२८, बॅराकुडा, फेरारी, निजाम, असे चार परिच्छेद. कोठीला डीटीपी करून घेतली, शंभर प्रती काढल्या. ओळखीच्या घरी नेऊन दिल्या, त्या मुलाला दोन दिल्या. एक त्याने परीक्षकांना नेऊन दाखवली. त्याचे मार्क बदलले नाहीत.

शेवटी आमच्या मराठी वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं, चिठ्ठी त्यांनी पूर्ण वाचली आणि लेखाच्या पहिल्या पानाच्या आतल्या कडेला चिकटवायला परवानगी दिली. खळ त्यांनीच आणून दिली. अंक उघडला तर माझ्या लेखाच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलने खूण केलेली होती.

मी शेवटी लिहिलं होतं की १९७३च्या अरबी तेलबंदीने मसल कारचा बळी घेतला. पेन्सिलवाल्याने त्या वाक्यातल्या ‘ऑक्टोबर १९७३’भोवती गोल केला होता. तिथून एक रेघ वर नेली होती, माझ्याच आधीच्या परिच्छेदापर्यंत. तिथे मी लिहिलं होतं की हेमी इंजिन १९७१नंतर बंद झालं. त्या ‘१९७१’भोवतीही गोल होता. शब्द एकही नाही.

मी खळीचा ब्रश खाली ठेवला. जे १९७१ला संपलं त्याला १९७३च्या घटनेने कसं मारलं? माझ्या घरी आकडे होते. जीटीओ १९६६ साली ९६,९४६ विकल्या गेल्या, १९७१ला १०,५३२, १९७२ला ५,८०७. तेलबंदी आली तेव्हा मारायला फारसं उरलेलंच नव्हतं. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते जबर वाढवले होते, स्वच्छ हवेचा कायदा १९७०च्या शेवटच्या दिवशी झाला होता, गिऱ्हाइकं आधीच पाठ फिरवत होती. तेलाने दार लावलं असेल. घर तोवर रिकामं झालं होतं. इतके महिने मी लेख ओळीओळीने तपासत होते आणि हे वाक्य दर वेळी बरोबर म्हणून पुढे गेले, कारण ते सगळेच म्हणतात. माझ्या शंभर चिठ्ठ्यांत याबद्दल एक ओळ नव्हती.

“कोण वाचतं हा अंक?” मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

त्यांनी देवघेवीचं रजिस्टर बघितलं. अंक बाहेर गेलेलाच नव्हता. वाचनकक्षात बसून कुणीतरी वाचला होता, आणि तिथे येणाऱ्यांची नावं कुणी लिहून घेत नाही.

मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि चिठ्ठीच्या तळाशी, छापील परिच्छेदांच्या खाली, पाचवी चूक हाताने लिहिली. जागा कमी होती, अक्षर बारीक काढावं लागलं. मग चिठ्ठी चिकटवली, कडा बोटाने दाबल्या आणि पान वाळेपर्यंत तिथेच बसले. पेन्सिलची रेघ खोडायची का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.